नेथन क्लाइन, सर्पगंधा आणि फुटक्या काचा (व्हाया मुंबई)

माळरान

नेथन क्लाइन या अमेरिकन सायकियाट्रिस्टबद्दल मराठीत काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा काढतोय. जन्म १९१६, मृत्यू १९८३. मानसिक आजारावर गोळी चालू शकते हे जगाच्या गळी उतरवणाऱ्या पहिल्या फळीतला माणूस. लास्कर पुरस्कार (अमेरिकेतला वैद्यकीय संशोधनाचा मोठा मान) दोनदा मिळाला, १९५७ ला आणि १९६४ ला. आणि त्याने ज्या पहिल्या औषधावर नाव कमावलं ते आपल्या सर्पगंधेच्या मुळातून आलेलं, तेही मुंबईला वळसा घालून.

आधी जागा समजून घ्या. न्यूयॉर्क राज्यात ऑरेंजबर्गला रॉकलंड स्टेट हॉस्पिटल म्हणून अवाढव्य सरकारी मनोरुग्णालय होतं, हजारो पेशंट. क्लाइन १९५२ ला तिथे संशोधन प्रमुख म्हणून आला. त्या काळात इलाज म्हणजे इन्शुलिन देऊन कोमात घालणं, शॉक, लोबोटॉमी म्हणजे मेंदूचा भाग कापणं, नाहीतर थंड ओल्या चादरीत घट्ट गुंडाळून ठेवणं. बाकी कुलूप आणि वॉर्डबॉय. म्हणजे संशोधन करायचं तर कशावर, असाच प्रश्न.

आता इकडे मुंबईत या. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील हे ब्लडप्रेशरसाठी सर्पगंधा वापरत होते आणि नुसतं वापरत नव्हते तर मोजून लिहून ठेवत होते. १९४९ मध्ये त्यांचा पेपर ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, ५० पेशंटचा. त्याच्याही आधी १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी याच मुळीबद्दल लिहिलं होतं की ही वेडावर आणि रक्तदाबावर दोन्हीवर चालते, पण तो लेख भारतातल्या मासिकात, तो लंडन-न्यूयॉर्कमध्ये कोण वाचणार. वकिलांचा पेपर मात्र बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या नजरेला पडला, त्यांनी मुळी मागवून स्वतःच्या पेशंटना दिली, प्रेशर उतरलं आणि वर एक गंमत दिसली की पेशंट निवांत झाले, झोपाळलेले नाहीत, निवांत. १९५३ ला अहमदाबादच्या आर. ए. हकीम यांनी बडोद्याच्या वैद्यकीय परिषदेत स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवर सर्पगंधा दिल्याचं मांडलं, ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेली आणि क्लाइनने ती उचलली.

त्याने रॉकलंडमध्ये शेकडो पेशंटना आधी मुळीची पावडर आणि मग शुद्ध रेसर्पीन, म्हणजे मुळीतला शांत करणारा घटक, दिलं. इथला किस्सा भारी आहे. असं सांगतात की फरक पडतोय हे डॉक्टरांच्या आधी हॉस्पिटलच्या काचा बसवणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं. रोज खिडक्या फुटायच्या, त्याला रोज काम असायचं, आणि अचानक काचांचा खप कमी झाला. मला हा पुरावा कुठल्याही स्केलवरच्या मार्कांपेक्षा जास्त पटतो, कारण त्या माणसाला औषध चालावं की न चालावं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

१९५४ ला पेपर छापला, आणि १९५७ च्या लास्करच्या यादीत क्लाइन आणि आपले वकील दोघंही होते. सोबत लाबोरी, डेनिकर, लेहमन ही क्लोरप्रोमाझीन या दुसऱ्या मनोविकारावरच्या औषधावाली मंडळी आणि कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट नोस. म्हणजे केईएमचा डॉक्टर आणि रॉकलंडचा डॉक्टर, एकाच मुळीसाठी, एकाच वर्षी. वकिलांना पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं. आज कितीजणांना नाव माहितीये?

दुसरं औषध याहून विचित्र आहे, ते प्रतिसादांत टाकतो.

शेवग्याची_शेंग

वाचतेय. रेसर्पीन म्हणजे आडेल्फेनमध्ये असायचं तेच ना? आमच्या आजोबांच्या उशाशी आडेल्फेन-एसिड्रेक्सची पट्टी कायम असायची, ते "प्रेशरची गोळी" म्हणायचे आणि ती घेऊन दुपारी दीड-दोनला जे आडवे व्हायचे ते चहालाच उठायचे. आजी म्हणायची या गोळीने ह्यांचा राग गेला. आम्हाला वाटायचं वयाने गेला :ड

औषधवाला_काका

शेंगताई, तीच. सिबाची. त्यात रेसर्पीन आणि डायहायड्रॅलझीन, आणि एसिड्रेक्सवाल्या पट्टीत लघवीचं औषध वाढवलेलं. माझ्या दुकानात एके काळी मेटफॉर्मिन आज जशी जाते तशी ती जायची. स्वस्त, दिवसाला एक, म्हातारी माणसं पट्टीचा तुकडा कापून आणून दाखवायची, "हीच द्या, दुसरी नको". नाक चोंदतं ही तक्रार नेहमीची, कारण रेसर्पीनने नाक चोंदतंच. लोक नाकात टाकायचे थेंब मागायला यायचे, आता प्रेशरच्या माणसाला ते थेंब म्हणजे आणखी घोळ, मी द्यायचो नाही, भांडणं व्हायची. पुढे अटेनोलॉल, अ‍ॅम्लोडिपीन आलं आणि हिचा जमाना गेला.

उनाड_पंख

म्हणजे शेवटी आपल्याच आयुर्वेदातलं चोरून नेलं आणि पुरस्कार घेऊन बसले. हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपासून होतं. बिहारमध्ये तर बाजारात पागल की दवा म्हणूनच ही मुळी विकत मिळायची. क्लाइनने काय शोधलं मग?

औषधवाला_काका

पंखराव, मुळी आपली यात वाद नाही. पण मुळी आणि औषध यात फरक असतो हे चाळीस वर्षं काउंटरमागे उभा राहून सांगतो. एका डोंगरावरच्या मुळीत अल्कलॉइड (औषधी रसायन) जास्त, दुसऱ्या डोंगरावरच्या मुळीत निम्मं, पावसाळ्यात खणली तर वेगळं, साल काढली तर सगळंच गेलं कारण माल सालीतच असतो. चमचाभर पावडरीत आज किती गेलं हे कुणाला कळणार? १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बी कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकींनी यातून अजमलीन वगैरे वेगळं काढलं, हकीम अजमल खानांच्या नावावरून नाव ठेवलं, तेही आपलेच. पण शांत करणारा मुख्य घटक रेसर्पीन, तो १९५२ मध्ये बाझेलला सिबाच्या लॅबमध्ये वेगळा झाला. त्यानंतर मिलिग्रॅममध्ये बोलता यायला लागलं. आणि चोरलं कसं म्हणायचं, वकिलांनी स्वतःच इंग्लंडच्या जर्नलमध्ये छापलं ना, सगळ्यांनी वाचावं म्हणूनच छापलं.

अवांतर: मागणी एवढी वाढली की जंगलं ओरबाडली गेली, शेवटी सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या कराराखाली नियंत्रण आणावं लागलं. चोरीच म्हणायची तर ही म्हणा.

माळरान

काका __/\__

आता दुसरं औषध. आयप्रोनियाझिड. हे मुळात टीबीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन व्ही-२ रॉकेटच्या इंधनातलं हायड्राझीन पडून होतं, ते रसायन कंपन्यांना स्वस्तात मिळालं आणि त्याच्यापासून काय काय बनतंय बघताना आयसोनियाझिड आणि त्याचा भाऊ आयप्रोनियाझिड हाती लागले. १९५२ ला स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटना हे दिलं. खंगलेली माणसं, मरणाची वाट बघणारी, ती उठून जेवायला लागली, कॉरिडॉरमध्ये नाचायला लागली, वर्तमानपत्रात फोटो आले. डॉक्टर म्हणाले हा साइड इफेक्ट, आणि पुढे निघून गेले! जास्त चढतं म्हणून आयप्रोनियाझिड टीबीसाठी मागे पडलं आणि आयसोनियाझिड राहिलं, जे आपल्याकडे टीबीच्या डोसमध्ये आजही आहे.

क्लाइनच्या डोक्यात दिवा पेटला तो प्राण्यांवरच्या प्रयोगाने. रेसर्पीन दिलं की उंदीर-ससे गपगार होतात. पण आधी आयप्रोनियाझिड देऊन मग रेसर्पीन दिलं तर उलटं, चळवळे होतात. त्याला वाटलं मग हे थेट उदास माणसालाच देऊन बघावं. हॅरी लूमर आणि जॅक सॉन्डर्स या सहकाऱ्यांबरोबर रॉकलंडमध्ये ट्रायल केली, १९५७ च्या एप्रिलमध्ये सिरॅक्यूजच्या परिषदेत मांडली. गंमत म्हणजे कंपनीला यात फारसा रस नव्हता, डिप्रेशनच्या गोळीला मार्केट कुठंय असं त्यांना वाटत होतं :) आणि औषध तर टीबीसाठी आधीच बाजारात, त्यामुळे डॉक्टरांनी धडाधड लिहायला सुरुवात केली, वर्षभरात लाखो लोकांनी घेतलं. क्लाइन त्याला सायकिक एनर्जायझर म्हणायचा. माणूस बोलण्यात वस्ताद होता.

मग काविळीचे पेशंट यायला लागले, आणि १९६१ मध्ये अमेरिकेत औषध मागे घेतलं.

रातराणी_७

माळरान, छान लिहिताय. मी स्वतः सात-आठ वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेतेय, इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. मला एक विचारायचंय. म्हणजे डिप्रेशनचं पहिलं औषध कुणी शोधायला निघालंच नव्हतं? टीबीचं औषध देताना लोक नाचले म्हणून? हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. मला पहिल्या डॉक्टरांनी पॅडवर मेंदूचं चित्र काढून सांगितलं होतं की तुमच्यात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी आहे, शुगर कमी असते तसं. मी विचारलं मग टेस्ट करूया का, तर म्हणाले त्याची टेस्ट नसते. तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

टेबलाखालचा

रातराणी, तो किडा बरोबर आहे. केमिकल इम्बॅलन्स हे फार्मा कंपन्यांचं मार्केटिंग. आधी गोळी आली, मग गोळी कशी चालते ते बघून आजार काय ते ठरवलं. उलटी गंगा. क्लाइनसारख्या लोकांनी सुरू केलेला धंदा आहे हा सगळा.

खडीसाखर

मी सायकियाट्रीत काम करते, सध्या इंग्लंडात, म्हणून तोंड उघडते. टेबलाखालचे यांचं वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेलं वाक्य खोडायला फार टायपावं लागतं.

उलटी गंगा हो, तसंच झालं. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडीच्या लॅबने दाखवलं की रेसर्पीनने सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. रेसर्पीन घेणाऱ्या प्रेशरच्या काही पेशंटना डिप्रेशन आल्याच्या नोंदी होत्याच. आयप्रोनियाझिड सेरोटोनिनसारख्या रसायनांना तोडणारं एन्झाइम अडवतं आणि माणसं खुलतात. दोन टोकं जोडली की सिद्धांत तयार: ही रसायनं घटली की उदासी, वाढली की उत्साह. १९६५ ला शिल्डक्राउटने तो नीट मांडला, त्याचा भर नॉरअ‍ॅड्रेनलिन या दुसऱ्या रसायनावर होता, सेरोटोनिनची जाहिरात नंतरची. म्हणजे वकिलांची सर्पगंधा त्या चित्राच्या मुळाशी आहे जे रातराणींच्या डॉक्टरांनी पॅडवर काढलं.

आणि आता ती गोष्ट जी कुणी सांगत नाही. त्याच १९५५ साली लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या पेशंटवर रेसर्पीनची ट्रायल केली, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एका गटाला खोटी गोळी. आणि रेसर्पीनवाले जास्त सुधारले! लॅन्सेटमध्ये छापून आलंय. जे औषध माणसाला उदास करतं असं आपण कॉलेजात शिकतो त्याच औषधाने उदास माणसं सुधारली. पुढे जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा असंही दिसलं की डिप्रेशन आलं म्हटलेल्यांतले बरेच नुसते सुस्तावलेले होते किंवा त्यांना आधीच तो आजार होऊन गेलेला होता. पण सिद्धांत एवढा सुटसुटीत होता की ही ट्रायल कोपऱ्यात पडून राहिली.

तर रातराणी, शुगरसारखं कमी असतं हे वाक्य मी पेशंटना सांगत नाही. गोळी बऱ्याच लोकांना चालते हे ट्रायल्समधून माहीत आहे, ती का चालते हे पूर्ण माहीत नाही, असं सांगते. धंदा वगैरे म्हणायचं तर १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती, त्यानंतर आकडा उतरायला लागला. सगळं श्रेय गोळ्यांना नाही, धोरणं बदलली, आणि बाहेर पडलेल्यांतले कित्येक रस्त्यावरही आले. पण ओल्या चादरीपेक्षा गोळी बरी हे तुम्ही त्या चादरीत गुंडाळलेल्या माणसाला विचारा.

रातराणी_७

थँक्यू खडीसाखर. "माहीत नाही" हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून उलट बरं वाटलं. गोळ्या चालूच आहेत, कुणी घाबरू नये.

टेबलाखालचा

ओके, चादरीचा मुद्दा मान्य. पण क्लाइन साधू नव्हता एवढं तरी लिहा. दुसऱ्या लास्करचं काय झालं?

माळरान

लिहिणारच होतो. १९६४ चा लास्कर आयप्रोनियाझिडसाठी, आणि तो एकट्या क्लाइनला. लूमर नाही, सॉन्डर्स नाही. बक्षीस दहा हजार डॉलर. सॉन्डर्सचं म्हणणं की मूळ कल्पना आपली, तो कोर्टात गेला, केस वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी सॉन्डर्सला बक्षिसात वाटा मिळाला. वकिलाच्या फीमध्ये त्याहून जास्त गेले असणार, पण ईर्ष्या ही ईर्ष्या. (वकील म्हणजे कोर्टातले, केईएमचे नव्हे!)

माझं मत विचाराल तर क्लाइनचा स्वतःचा शोध यात फारसा नाहीच. सर्पगंधा भारतातल्यांची, विल्किन्सने शांतपणा आधी पाहिला, आयप्रोनियाझिडने लोक नाचतात हे सी व्ह्यूने पाहिलं, प्राण्यांचा प्रयोग दुसऱ्या लॅबचा. त्याची ताकद अशी की जे चार जणांच्या डोळ्यांसमोर होतं ते त्याने उचललं, हजारो पेशंटच्या हॉस्पिटलात लावलं आणि मग पत्रकार, सिनेटर, कंपन्या सगळ्यांच्या मागे लागून ते मान्य करून घेतलं. रेटणारा माणूस. आणि तोच रेटा शेवटी अंगाशी आला. १९७७ च्या आसपास त्याने बीटा-एंडॉर्फिन हे शरीरातलंच रसायन डिप्रेशन आणि स्किझोफ्रेनियाच्या काही पेशंटना टोचून बघितलं, तेही एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याची, परवानगी न घेता. १९५३ ला असं चालून जायचं, ७७ ला नियम होते. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि १९८२ ला नियम पाळल्याशिवाय प्रायोगिक औषधं वापरणार नाही असं त्याला लिहून द्यावं लागलं. पुढच्या वर्षी गेला. ऑरेंजबर्गच्या संशोधन संस्थेला मात्र आज त्याचंच नाव आहे.

शेवग्याची_शेंग

हा माणूस एका धाग्यात मावणारा नाही. गुगललं तर सायबॉर्ग (अर्धा माणूस, अर्धं यंत्र) हा शब्दसुद्धा याचाच निघाला?? १९६० ला मॅनफ्रेड क्लाइन्स नावाच्या सहकाऱ्याबरोबर, अंतराळात माणूस कसा टिकेल यावर लेख लिहिताना! क्लाइन आणि क्लाइन्स, मला आधी टायपो वाटला.

माळरान

टायपो नाही, दोघंही रॉकलंडचेच :) आणि हैतीमध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला त्याने मनोरुग्णालय उभं करायला मदत केली, कंपन्यांकडून औषधं फुकट मिळवून. तिथे मार्स अँड क्लाइन म्हणून ते ओळखतात. झोंबीच्या पावडरीत काय असतं ते शोधायला माणूस पाठवण्यातही हा होताच. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी दमलो.

उनाड_पंख

वकिलांचं नाव पहिल्यांदा ऐकलं, त्याबद्दल आभार. चोरी हा शब्द मागे घेत नाही, पण काकांचा जंगलाचा मुद्दा घेतो. प्रश्न: आयप्रोनियाझिडच्या जातीची औषधं नंतर आली की नाही? माझ्या कंपनीतल्या एका कॅनेडियन माणसाला डॉक्टरने चीज खाऊ नको सांगितलंय, डिप्रेशनच्या गोळीमुळे. मला वाटलं थापा मारतोय.

खडीसाखर

थापा नाहीत. फेनेल्झीन, ट्रॅनिलसायप्रोमीन ही त्याच जातीतली. १९६० च्या सुमारास या गोळ्या घेणाऱ्यांना मधेच भयंकर डोकेदुखी, प्रेशर आभाळाला, काहींच्या मेंदूत रक्तस्राव, आणि कारण सापडेना. नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने पत्र लिहून कळवलं की माझ्या बायकोला चीज खाल्लं की असं होतं. मॉड्स्लीत बॅरी ब्लॅकवेल म्हणून तरुण डॉक्टर होता, सगळे त्याला हसले, पण त्याने पिच्छा सोडला नाही आणि १९६३ मध्ये छापलं. मुरलेल्या चीजमध्ये टायरामीन असतं, एरवी ते आतड्यात आणि यकृतातच तुटतं, पण तोडणारं एन्झाइम गोळीने अडवलेलं, मग ते सरळ रक्तात.

औषधवाला_काका

फार्मासिस्ट होता हे अधोरेखित करा :)

शेवग्याची_शेंग

मग पनीर चालतं का?

खडीसाखर

ताजं पनीर मुरवलेलं नसतं, त्यात टायरामीन अगदी कमी. त्रास मुरलेल्या चीजचा, आंबवलेल्या सोया सॉसचा, वाळवून मुरवलेल्या मांसाचा. पण भारतात डिप्रेशनसाठी ही जात कुणी लिहून दिलेली तुम्हाला क्वचितच दिसेल, त्यामुळे पनीरवाल्यांनी निश्चिंत असावं.

लक्षात ठेवायची गोष्ट दुसरीच आहे आणि ती पुन्हा टीबीकडे जाते. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला आता लिनेझोलिड देतात, भारतातही. ते अँटिबायोटिक आहे, पण तेच एन्झाइम थोडंफार तेही अडवतं. सेरोटोनिनवाल्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना ते सुरू झालं तर कधीकधी घाम, थरथर, ताप, गोंधळल्यासारखं होतं, आणि ते टीबीमुळेच असेल असं समजून सोडून देतात. घरात कुणाला लिनेझोलिड सुरू करणार असतील तर छातीच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. लाजून लपवू नका, आणि गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका, दोन्ही डॉक्टरांना ठरवू दे.

रातराणी_७

माझ्या मावसबहिणीला याच महिन्यात टीबीचं औषध बदललंय आणि ती एस्सिटालोप्रॅम या सेरोटोनिनवाल्या डिप्रेशनच्या गोळीवर आहे. आत्ता फोन करते.

औषधवाला_काका

पट्टीचा फोटो मागवून घ्या तिच्याकडून, नावं तोंडी विचारू नका, लोक चुकीची सांगतात. इथे टाकू नका, सरळ तिच्या डॉक्टरांना पाठवा.